मोतिया स्वेटर आणि न पाहिलेला शालू

प्रकरण आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यातलं. मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, घरी कोरडवाहू वावर, कपाशी आणि तूर. तुळशीचं लग्न लागलं आणि पाठोपाठ तिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. पौष लागायच्या आत उरकायचं म्हणून मार्गशीर्षातली तारीख धरली. पाहुणे वर्ध्याकडून संध्याकाळी पोचणार, मांडव अंगणात, जेवणं रात्री.

विदर्भाच्या थंडीची गंमत बाहेरच्यांना लवकर कळत नाही. डिसेंबरात दुपारी पारा २८ अंशांपर्यंत जातो, माणूस सावली शोधतो. दिवस मावळला की तासाभरात दारोदार शेकोट्या. रात्रीचा पारा १०-१२ वर येणं नेहमीचंच, आणि एखाद्या वर्षी तो भलताच घसरतो. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंशांची नोंद झाली होती. म्हणजे इथे हिवाळी कपडा अंगावर चार-पाच तास राहायचा आणि बाकी वेळ हातावर टाकून फिरता यायला हवा. काश्मीरच्या किंवा युरोपच्या थंडीसाठी बेतलेला पेहराव आपल्याकडे दुपारी बारालाच अंगावरून उतरतो.

मुलीनं गावातल्या शिवणकाम करणाऱ्या काकूंना मोबाइलवरचा एक फोटो दाखवला. पांढऱ्या लेसचा पायघोळ झगा, त्यावर जाड दोरखंडी विणीचा ढगळ स्वेटर, स्वेटरच्या खालून लेसची किनार डोकावतेय. "काकू, मले अस्संच पाह्यजे." फोटो खरंच देखणा होता. जाड, उबदार लोकर आणि तिच्या शेजारी नाजूक जाळी: एक सगळं झाकते, दुसरी थोडं दाखवते, आणि एकीमुळे दुसरीचा पोत उठून दिसतो. लेस नि लोकरीच्या जोडीत डोळ्याला जे आवडतं ते एवढंच. रंग एकाच घरातले ठेवले तर हा फरक आणखी खुलतो, कारण मग नजर रंगावर न अडकता पोतावर जाते.

आजीनं तो फोटो चष्मा लावून पाहिला आणि मोबाइल परत दिला. "ह्या बाईची ओटी कोन भरते व? हिले पदरच नाही."

आजीच्या या एका वाक्यानं सगळं प्रकरण उलटं फिरलं. साक्षगंधात मुलगी आपल्या कपड्यांत पाटावर बसते, मुलाकडचे साडी देतात, ती आत जाऊन नेसून येते आणि मग ओटी, अंगठी, पेढा. म्हणजे रात्रीच्या थंडीत तिच्या अंगावर जी साडी असणार ती कुणी पाहिलेलीच नव्हती. रंग ठाऊक नाही, काठ ठाऊक नाही, कापड रेशमी की सिंथेटिक तेही नाही. वर ओटी भरायची तर पदर मोकळा हवा. आपल्याकडच्या बाया साडीवर स्वेटर घालून बटणं लावतात तेव्हा पदर आत दडपला जातो आणि साडीची सारी शोभा जाते. आईला वेगळीच काळजी. "पोरगी काकडत बसली त फोटोत रडल्यावानी दिसते."

मी तालुक्याच्या ठिकाणी शिवणवर्ग घेते. या काकू जुन्या विद्यार्थिनी. दिवसा कापूस वेचायला जातात, रात्री पायमशीनवर ब्लाउज शिवतात. त्यांनी आधी आपल्या परीनं काम सुरू केलं होतं. माझ्याकडे आल्या त्या फसलेला स्वेटर पिशवीत घालूनच.

स्वेटर कुठला

नवा घ्यायचा पर्याय होता. हिवाळा लागला की आपल्याकडच्या शहरांत तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं रस्त्याकडेला लागतात. यातले काही विक्रेते आपल्याच विदर्भातले. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ त्यांची नोर्ग्येलिंग वसाहत १९७०च्या दशकापासून आहे. माल बहुतेक लुधियानाचा असतो. पण मनासारखा मोतिया रंगाचा, बटणांचा आणि बेताच्या लांबीचा नग हजाराच्या पुढे जात होता, आणि खर्चाची यादी आधीच लांबली होती.

मग मुलीच्या मोठ्या आईनं, म्हणजे थोरल्या चुलतीनं, पेटीतून आपला स्वेटर काढला. अमरावतीला शाळेत शिकवत असताना मधल्या सुट्टीत विणलेला. मोतिया रंग, समोर बटणपट्टी, व्ही गळा, साधी सुलट वीण, कडांना एक सुलट एक उलट. लोकर खरी आहे का हे पाहायला आतल्या शिवणीतला धागा काढून जाळला. केस जळाल्यासारखा वास आला, ज्योत काढताच विझला आणि राख बोटात भुगा झाली. म्हणजे मेंढीचीच. बाजारात जिला आपण सरसकट लोकर म्हणतो ती बहुतेकदा ॲक्रिलिक असते. ती भराभर पेटते, वितळते आणि टोकाला काळा टणक मणी धरते.

खरी लोकर असल्याचा दुसरा पुरावा स्वेटरवरच होता. कसर लागली होती. डाव्या पुढल्या भागाला दोन भोकं, उजव्या कोपरावर एक, आणि एका मनगटाची कड उसवलेली. कसरीची अळी केराटिन या केसांतल्या प्रथिनावर जगते, ते मेंढीच्या लोकरीत असतं, ॲक्रिलिकमध्ये नसतं. त्यातही घामाचा, अन्नाचा डाग असलेली जागा तिला विशेष प्रिय. मोठ्या आईनं स्वेटर न धुता ठेवला होता. तिला त्याचं काही वाटलं नाही. "घाला बाप्पा. पेटीत कसरीनं खाल्ल्यापरीस अंगावर फाटलेला बरा."

काकूंची युक्ती तशी सरळ होती: भोकांवर लेसची फुलं, आणि तळाला, मनगटांना, बटणपट्टीला लेसची किनार. फोटोतल्यासारखी.

काय फसलं

पिशवीतून निघालेला स्वेटर पाहताच कळलं. तळाच्या घेराला लेस लावली तिथे कड लाटांसारखी वरखाली झाली होती. एका मनगटातून हात जात नव्हता. जोर केला तिथे टीप तुटून लेस लोंबत होती. काकू हिरमुसल्या होत्या. "मॅडम, सुई त बराबर चालली, मंग हे असं काहून झालं?"

सुई बरोबरच चालली होती. गडबड दोन कापडांच्या स्वभावात आहे. स्वेटर म्हणजे एकात एक अडकवलेले फासे. ओढला की प्रत्येक फासा आपला आकार बदलतो आणि सोडला की परत येतो. एक सुलट एक उलटची कड तर हात घालताना सहज दीडपट होते, म्हणून तर ती मनगटाला ठेवतात. साधी लेस, मग ती सुती असो की जाळीवरची, लांबीत जवळजवळ ताणत नाही. या मुलीचं मनगट ६ इंच, पण मूठ मिटून हात आत घालताना घेर लागतो ८ इंच. स्वेटरची कड ६ वरून ८ वर जाते आणि परत येते. तिच्यावर ६ इंचांची लेस पक्की केली की ती कड कायमची ६ इंचांची. त्यात पायमशीनची सरळ टीप. तिच्यात दोन दोरे एकमेकांत अडकून ताठ रेघ होते, तिलाही ताण सोसत नाही.

घेराच्या लाटांचं कारण निराळं. मशीनचा दाब स्वेटरला वरून दाबतो, खालचे दाते त्याला पुढे ओढतात, म्हणून लोकर शिवताना ताणलेली असते. लेस मात्र जशीच्या तशी. दाबाखालून सुटल्यावर लोकर आखडायला पाहते, पण टिपेनं तिला ताणलेल्या लांबीवरच बांधून टाकलेलं असतं. मग ती वरखाली होते. ब्लाउजच्या कापडावर हा प्रकार जाणवत नाही, म्हणून चांगल्या चांगल्या शिवणाऱ्या बाया इथे चकतात.

उसवतानाही सांभाळावं लागलं. ब्लेड लावलं आणि चुकून लोकरीचा एक फासा कापला गेला तर तिथून खालपर्यंत शिडी सुटत जाते. म्हणून लेसच्या बाजूनं दर तीन-चार टाक्यांवर दोरा कापायचा आणि उलट बाजूनं बॉबिनचा दोरा ओढून काढायचा. हे काम काकूंनी एका रात्री केलं. वेचणीच्या दिवसांत बोंडांच्या वाळल्या कवचांनी बोटांना चिरा पडलेल्या असतात, तीच बोटं जाळीत अडकतात. व्हॅसलीन चोळून, हात कोरडे पुसून मग त्या बसत.

लेस कुठे बसवावी

इथे मी माझं मत ठामपणे सांगते. स्वेटरला लेस लावायची ती जिथे स्वेटर ताणायला नको तिथेच. तळाचा घेर, मनगट, कोपर, डोक्यातून घालायच्या स्वेटरचा गळा या ताणाच्या जागा, त्यांना हात लावू नये. पण स्वेटरमध्ये अशाही जागा असतात जिथे लोकरीचा ताण हाच दोष ठरतो. खांद्याची शिवण बाह्यांच्या वजनानं लोंबते आणि खांदा दंडावर उतरतो. मागचा गळा पसरतो. बटणपट्टी लांबून काजांमध्ये फटी दिसू लागतात. या जागांना न ताणणारी पट्टी आधार देते. जुन्या विणकाम करणाऱ्या बाया बटणपट्टीला आतून फीत लावत ती याचसाठी. तीच फीत वर आणून देखणी केली की झाली लेस.

या विचारातून खांद्याची कल्पना निघाली, आणि सगळ्या प्रकरणात मला तीच सर्वांत आवडली. साक्षगंधात पदर खांद्यावर पिनेनं टाचावा लागतो. भरजरी पदराचं वजन आणि टाचणी थेट लोकरीत घातली की फासा ओढला जातो, भोक पडतं, पदर घसरतो. डाव्या खांद्यावर चार बोटं रुंदीची सुती लेस, आतून त्याच मापाची सुती पट्टी, दोन्ही मिळून स्वेटरला शिवलेली. पिन लेसमधून आणि पट्टीतून जाते, लोकरीला कळतही नाही. उजव्या खांद्यावर तशीच लेस, तिथे काम काही नाही, फक्त जोडीला.

नेसण्याचा क्रमही ठरला: आधी निऱ्या, मग स्वेटर, मग पदर. निऱ्या खोचून झाल्या की पदर मोकळा ठेवायचा, स्वेटर घालून वरची तीन बटणं लावायची आणि पदर त्याच्यावरून घेऊन खांद्याला टाचायचा. स्वेटरचा तळ कमरेच्या खाली येत होता. तो कापायला मी नाही म्हटलं, हातानं विणलेला कपडा कापला की फासे सुटू नयेत म्हणून वेगळाच खटाटोप करावा लागतो. वरून कंबरपट्टा बांधला तर लांबी दिसतही नाही.

आता गंमत अशी की पदर डाव्या बाजूवर येतो, म्हणजे कसरीची दोन्ही भोकं त्याखाली आपोआप झाकली जाणार होती. मुलगी म्हणाली, मग कशाला दुरुस्ती. पण हा स्वेटर तिला पुढे कॉलेजात कुर्त्यावर, जीन्सवर घालायचा होता. शिवाय उघडं भोक एका जागी थांबत नाही, दर ओढीला एक फासा आणखी सुटतो.

लेसची निवड

आर्वीच्या मॅचिंग सेंटरमध्ये आम्हाला चार प्रकार मिळाले. जाळीवर भरतकाम केलेली नेटची लेस हलकी, स्वस्त, पण पॉलिएस्टरची आणि गळ्याला टोचणारी. दुकानदार जिला जीपीओ म्हणतात ती जाड, उठावदार. ती विरघळणाऱ्या पायावर भरतकाम करून मग पाया धुऊन टाकून करतात, म्हणून तिच्यात मागची जाळी नसते, फुलं फुलांना जोडलेली असतात. दिसते फार छान, पण वजनदार. साध्या सुलट विणीच्या स्वेटरवर लावली की लोकर खाली ओढली जाते. क्रोशाच्या नमुन्याची सुती लेस मऊ, मध्यम वजनाची. आणि चौथी लायक्रा असलेली ताणणारी लेस, अंतर्वस्त्रांच्या खणात ठेवलेली. ही स्वेटरच्या मनगटाला चालली असती, पण तिची चकाकी लोकरीशी जुळेना.

सुती घेतली. ती पांढरी शुभ्र होती, स्वेटर मोतिया. पांढरं शुभ्र काही मोतियाशेजारी ठेवलं की मोतिया मळका दिसतो, हे नवरीकडच्या पेहरावाला परवडणारं नाही. काकूंनी कोरा चहा उकळून गाळला, लेस ओली करून त्यात बुडवली, मधूनमधून काढून स्वेटरवर ठेवून पाहिली. ओली असताना ती एक छटा गडद हवी, वाळली की फिकी होते. सुती धागा चहाचा रंग धरतो. पॉलिएस्टर धरत नाही, म्हणूनही सुतीच बरी. याच खटपटीत दुसरं काम झालं: सुती लेस पहिल्या धुण्यात आखडते, ती शिवायच्या आधीच आखडून गेली. नाहीतर साक्षगंधाच्या दिवशी नीट आणि पहिल्या धुण्यानंतर खांद्याला चुण्या.

स्वेटर आधीच धुतला होता. उन्हात धरून शिवणी ब्रशनं झाडल्या, मग कोमट पाण्यात रिठा, चोळायचं नाही, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि सावलीत बाजेवर पसरून वाळवायचं. तारेवर टांगला असता तर ओल्या लोकरीच्या वजनानं वीतभर लांबला असता. गरम पाणी आणि घासणं तर खऱ्या लोकरीचा नमदा करून टाकतं.

आजीचा वाटा

उसवलेलं मनगट आजीनं हातात घेतलं. तिनं ती कड चांगल्या ओळीपर्यंत आणखी उसवली, सुटे फासे सुईवर घेतले आणि निघालेला धागा पाण्यात बुडवून, टोकाला कुलूप बांधून दोरीवर टांगला, म्हणजे त्यातले वळसे सरळ होतात. हा धागा फार उपयोगी पडला. त्याच रंगाची, त्याच वयाची लोकर बाजारात कुठून मिळणार? कोपराचं भोक त्याच धाग्यानं उभे-आडवे दोरे भरून रफू केलं. कोपर वाकतं, तिथे लेसचं फूल लावलं असतं तर दोन दिवसांत सुटलं असतं.

मनगटाला मात्र आजीनं क्रोशानं शिंपल्यांची किनार घातली, त्याच लोकरीची. दुसऱ्या मनगटालाही तशीच. क्रोशाचे फासे सैल ठेवले की ते लोकरीबरोबर ताणतात, बाहेरून शिवलेल्या लेससारखे अडवत नाहीत. मुलीला हवी होती ती मनगटावरची नाजूक कड मिळाली आणि हातही आत गेला. पूर्वी आपल्याकडे घरोघरी रेडिओवर, पुढे टीव्हीवर क्रोशाचा रुमाल असे, दारावर तोरण असे. हे हात गावात अजून आहेत, फक्त त्यांना कुणी काम सांगत नाही.

आजीला जाळीची वीणही येते: धागा पुढे घ्यायचा, पुढचे दोन टाके एकत्र विणायचे, म्हणजे एक भोक पडतं आणि टाक्यांची संख्या तेवढीच राहते. अशी भोकं नक्षीत मांडली की ती लोकरीचीच लेस. जोड नाही, म्हणून जोडावर फाटणंही नाही. लेस आणि विणकाम यांचं नातं यंत्राच्या काळातही जवळचंच राहिलं. विल्यम ली यानं १५८९ मध्ये इंग्लंडात मोजे विणायचं यंत्र काढलं आणि अठराव्या शतकात नॉटिंगहॅमच्या कारागिरांनी त्याच यंत्रात फेरबदल करून जाळी विणायला सुरुवात केली, लेसची यंत्रं त्याच वाटेनं आली. वेळ असता तर मी आजीकडून जाळीच्या विणीची शालच करून घेतली असती. पण पौष दारात होता.

डाव्या बाजूच्या भोकांचे फासे आधी बारीक दोऱ्यात ओवून बांधून घेतले, मागून मऊ जाळीचा तुकडा दिला आणि वर लेसमधली सुटी कापलेली फुलं. ही हातानंच लावायची, सैल तिरक्या टाक्यांनी, टाका खेचायचा नाही. उजव्या बाजूला भोक नव्हतं, तरी तिथेही एक गुच्छ दिला. एकाच बाजूला फुलं असली की पाहणाऱ्या बाईला लगेच कळतं की खाली काहीतरी लपवलंय. बटणपट्टीची अरुंद लेस तेवढी मशीनवर लावली, तीही तालुक्याच्या फॉल-पिकोच्या दुकानात. पिकोचं मशीन नागमोडी टीप मारतं आणि ती टीप थोडी ताणू शकते. खाली वर्तमानपत्राचा कागद ठेवून टीप मारली म्हणजे दाते लोकरीला ओढत नाहीत. कागद नंतर फाडून काढायचा. दुकानदार आधी तयार नव्हता, मशीनमध्ये लोकर अडकते म्हणाला. त्याच्या दाबाचा स्क्रू दोन फेरे सैल करायला लावला तेव्हा काम झालं.

तळाच्या घेराची लेस मी काढून टाकली ती परत लावू दिली नाही. मुलगी नाराज झाली. फोटोत ती होती. पण खांदे, बटणपट्टी, फुलं, मनगट आणि गळ्यातून दिसणारं ब्लाउज एवढं झाल्यावर आणखी लेस म्हणजे बाहुलीचा झगा झाला असता.

ब्लाउज

साडीचा रंग ठाऊक नसल्यामुळे ब्लाउज मोतियाच. लेसचं कापड, आत सुती अस्तर, बंद गळा, बाही कोपरापर्यंत, तीही अस्तराची. बिनअस्तराच्या लेसच्या बाह्या फोटोत छान दिसतात, पण भोकांतून वारा सरळ आत येतो. ऊब देते ती कापडांच्या मध्ये अडकलेली हवा. उघड्या जाळीत हवा अडकत नाही, आणि सैल विणीच्या स्वेटरमधूनही वारा निघून जातो. म्हणून सर्वांत आत अंगाच्या रंगाचा, अंगाला चिकटून बसणारा लांब बाह्यांचा इनर. त्यावर ब्लाउज, त्यावर स्वेटर. दुपारी इनर आणि स्वेटर दोन्ही काढून ठेवले तरी ब्लाउज एकटं शोभतं. व्ही गळ्यातून ब्लाउजचा बंद गळा दिसत होता. खरं पाहता फोटोतला परिणाम साधला तो बराचसा याच जागी, आणि तिथे लेस लोकरीला एका टाक्यानंही शिवलेली नव्हती.

लेस, कापड, इनर, पिको धरून खर्च आठशेच्या आत राहिला. काकूंची मजुरी वेगळी, त्याबद्दल पुढे.

साक्षगंधाच्या रात्री

साडी निघाली राणी रंगाची, रेशमी, हिरवे काठ, जरीचा पदर. मोतिया त्याच्यावर असा उठला की मुलाच्या मावशीनं स्वेटर साडीबरोबरच घेतला की काय असं विचारलं. पदर टाचला तो ओटी भरून, नमस्कार करून, फोटो काढून होईपर्यंत जागचा हलला नाही. बारा-पंधरा वेळा वाकावं लागतं त्या विधीत, खांद्याची लेस कुठे ओढली गेली नाही. पाहुणे शेकोटीला सरकले तेव्हा ही मांडवात निवांत बसली होती.

सगळं नीट झालं असं मात्र नाही. मागच्या गळ्याला काकूंनी उरलेली नेटची लेस लावून टाकली होती, सुती कमी पडली म्हणून. ती मानेला इतकी टोचली की मुलीनं रात्रीतून तिथे रुमाल ठेवला. जरीचा काठ उजव्या कुशीवर घासून लोकरीवर गोळे आले, ते पुढे कात्रीनं हळूच काढावे लागले. कंबरपट्ट्याच्या आकड्यात पाठीमागे दोन फासे ओढले गेले, तिथे पट्ट्याच्या आतून सुती फीत लावायला हवी होती. काचेच्या बांगड्या आजीच्या शिंपल्यांत अडकतील ही माझी भीती मात्र फोल ठरली, सैल लोकरीतून त्या सुटून येत होत्या.

आणि शेकोटीपाशी चुलत बहिणीच्या नेटच्या ओढणीवर ठिणगी पडली. क्षणात रुपयाएवढं भोक, कडा वितळून कडक. पॉलिएस्टरची जाळी आणि ॲक्रिलिकचा स्वेटर घालून शेकोटीशी बसणाऱ्या पोरींना मी वर्गात हे दरवर्षी सांगते. खरी लोकर ठिणगीनं काळी पडते, सहज पेट घेत नाही.

पुढे

साक्षगंधाचे फोटो फिरले आणि काकूंकडे गावातल्या बाया स्वेटर घेऊन येऊ लागल्या. जवळजवळ सगळे ॲक्रिलिकचे. त्यांचा स्वभाव वेगळा. काकूंनी पहिल्याच स्वेटरला लेस लावून वरून गरम इस्त्री फिरवली. लेस सपाट झाली आणि स्वेटरची कड कायमची ढिली पडली. ॲक्रिलिकला जास्त उष्णता लागली की त्याची उसळी जाते, ती धुऊनही परत येत नाही. आता त्या ओलं फडकं ठेवतात आणि इस्त्री टेकवत नाहीत, नुसती वाफ देतात.

मजुरीचा प्रश्न जास्त अवघड निघाला. स्वेटरला हातानं लेस लावायला ब्लाउजपेक्षा जास्त वेळ जातो, आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यात भाव ब्लाउजच्या बाहीला लेस लावायचा असतो, तिथे तर एक टीप मारली की झालं. दोनशे सांगितले की बाया म्हणतात, स्वेटरच पाचशेचा आहे. त्यांचंही चुकत नाही. वर हा धंदा दिवाळीनंतर सुरू होतो आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवापर्यंत आटोपतो. पुढे ऊन चढतं.

यावर आजीनं सुचवलेला मार्ग काकूंनी धरला आहे. स्वेटरला काही शिवायचंच नाही. क्रोशाच्या सुती दोऱ्याची सुटी कॉलर करायची आणि आतून टिचबटणं लावायची. स्वेटरच्या बाजूची टिचबटणं मागच्या गळ्यावर आणि बटणपट्टीवर, म्हणजे जिथे स्वेटर ताणायला नको अशा जागी, खाली फितीचा तुकडा घालून. कॉलर वेगळी धुता येते, दुसऱ्या स्वेटरवर चढते, उन्हाळ्यात कुर्त्यावर चालते, आणि वेचणीला जाताना काढून घरी ठेवता येते. ती विणायला आजीला दोन दुपारी लागतात. यंदा संक्रांतीच्या वाणाला अशा कॉलरी द्यायचं गावातल्या दोघींनी ठरवलं आहे. दर काय लावायचा यावर काकूंचं आणि आजीचं अजून जुळलेलं नाही: आजी म्हणते दोऱ्याचे पैसे घ्या, काकू म्हणतात दुपारचेही घ्या. मी काकूंच्या बाजूनं आहे.